तुटफुटीची नोंद

"दोन्ही हात," ताई म्हणाल्या. "एका हातानं चहाचा कप धरायचा. इथली वस्तू दोन्ही हातांनी. आणि धरण्याआधी ती कुठे ठेवणार ते बघून ठेवायचं. उचलल्यावर जागा शोधत फिरायचं नाही."

समोरच्या चौघांनी एकमेकांकडे बघत हसू दाबलं. हे हसू ताईंच्या ओळखीचं होतं. गेली बावीस वर्षं दर उन्हाळ्यात ते नव्या चेहऱ्यांवर यायचं आणि आठवड्याभरात मावळायचं.

इतिहास संग्रहालयाच्या तळघरातलं भांडार ताईंच्या ताब्यात होतं. लोखंडी मांडण्या, प्रत्येक खणावर चिठ्ठी आणि नऊ हजारांवर वस्तू. यातल्या फार थोड्यांच्या नशिबी वरच्या दालनातली काचेची पेटी आली होती. कॉलेजला सुट्टी लागली की विद्यार्थी सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला यायचे. पहिल्या दिवशी वर साहेबांचं भाषण व्हायचं, फोटो निघायचे आणि मग त्यांची रवानगी खाली ताईंकडे. इथे ते धूळ झाडायला, वस्तूच्या तळाला बारीक अक्षरात क्रमांक घालायला आणि गप्प बसायला शिकायचे. शिकून होईपर्यंत प्रमाणपत्र मिळायचं. एखादा पुढे वर्षभर मेसेज पाठवायचा, मग तेही थांबायचं. त्याचं वाईट वाटणं बंद झालं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

ही शेवटची तुकडी. पाच महिन्यांनी ताई निवृत्त होणार होत्या. तेच शब्द पुन्हा पहिल्यापासून बोलताना आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता.

चौघांत एक किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा लावणारी मुलगी होती. दुसऱ्याच दिवशी ताईंनी तिचं नाव 'प्रश्नावली' ठेवलं.

"ताई, क्रमांक तळालाच का घालायचा?"

"दिसू नये म्हणून."

"मग घालायचाच कशाला?"

"सापडावा म्हणून."

"तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"येतो."

"मग काय करता?"

"क्रमांक घालते."

मुलगी हसली नाही. तिनं ते बहुधा वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात ताईंचा नेहमीचा धडा असायचा. चारशे बारा क्रमांकाची वस्तू टेबलावर ठेवायची: तान्ह्या बाळाला दूध पाजायचं, चोचीचं, मुठीएवढं मातीचं भांडं. कुठल्याशा उत्खननात मिळालेलं. त्यावर दहा ओळी लिहायच्या आणि त्यात 'सुंदर' आणि 'प्राचीन' हे दोन शब्द येता कामा नयेत. निम्म्या मुलांची गाडी दुसऱ्या ओळीला अडायची.

त्या दिवशीही तिघांनी कसंबसं पान भरलं आणि चहाला पळाले. प्रश्नावली मागे राहिली.

"ताई, चोच आधी केली की भांडं आधी? आतून बघितलं तर कळेल ना?"

ताईंनी भांडं उचललं, दोन्ही हातांनीच. दिव्याकडे वळवताना उजव्या हाताची पकड एकदम गेली. दुखलं वगैरे काही नाही. मनगटापुढे हात नाहीच, असं झालं. डाव्या हाताचा नुसता आधार होता. भांडं कलंडलं, टेबलाच्या काठावर आपटलं आणि खाली फरशीवर गेलं. आवाज फार मोठा झाला नाही.

"पाय हलवू नकोस," ताई म्हणाल्या. "तुकडे कुठे कुठे गेलेत ते आधी बघ."

सात तुकडे मिळाले, आणि थोडा चुरा. ताईंनी चुरासुद्धा ब्रशनं कागदावर घेतला. मग त्या खुर्चीत बसल्या. मुलगी समोर उकिडवी बसली होती.

"माझ्या हातून पडलं म्हणून सांगू या," ती म्हणाली.

"का?"

"मी शिकाऊ आहे. शिकाऊ माणसाकडून होतं असं. माझे तीन आठवडे राहिलेत. तुमचं..."

"जा, चहा घेऊन ये," ताई म्हणाल्या.

हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वस्तू तुटली की त्याच दिवशी, त्याच तासाला नोंदवहीत नोंद करायची, हा ताईंचा स्वतःचाच दंडक. त्या दिवशी त्यांनी तुकडे खोक्यात ठेवले, कुलूप लावलं आणि नोंद न करता घरी गेल्या. तीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा घडलं.

घरी यजमान खिडकीपाशी खुर्चीत होते. शाळेत कवायतीचे मास्तर होते ते. दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली. सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर, ताईच त्यांना उचलायच्या. मनगट तेव्हापासूनच कुरकुरत होतं. गेल्या काही महिन्यांत हातून चमचा निसटायचा, कंगवा निसटायचा. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

"आज... काय झालं?" यजमानांनी विचारलं. त्यांचे शब्द एकेक करून, घसरत यायचे.

"काही नाही. एक भांडं फुटलं."

"आपलं?"

"नाही हो, तिथलं."

"मग... आपलं नाही ना," ते म्हणाले आणि अर्ध्या तोंडानं हसले. मग त्यांचं लक्ष ताईंच्या हाताकडे गेलं. ताई पाण्याचा पेला डाव्या हातानं पुढे करत होत्या.

"हात... दाखव."

"काही झालेलं नाही."

"दाखव."

त्यांनी आपल्या चांगल्या हातानं ताईंचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"माझ्या... मुळे."

"गप्प बसा. वाटेल ते बोलू नका," ताई म्हणाल्या, पण हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई भांडार उघडताहेत तोच साहेब जिना उतरून खाली आले. संग्रहालयाचे प्रमुख होते ते, वयानं ताईंपेक्षा बरेच लहान. सहसा खाली येत नसत.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "ती चष्मेवाली मुलगी सकाळीच येऊन सांगून गेली, माझ्या हातून पडलं म्हणून. होतं असं. तुम्ही लिहून टाका, 'प्रशिक्षणार्थीकडून अनवधानाने'. विषय संपला."

साहेबांनी दार लोटून घेतलं.

"ताई, तुमच्या हाताचं मला महिनाभर दिसतंय. मी विचारलं नाही, कारण विचारलं की मला काहीतरी करावं लागेल. पाच महिने राहिलेत. सन्मानानं जा. तिचंही काही बिघडत नाही. ती आपणहून म्हणतेय."

रात्रभर ताईंनी हेच स्वतःला समजावलं होतं, अगदी ह्याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना कसनुसं झालं. त्यांनी कपाटातून तुटफुटीची वही काढली. अलीकडची नाही, जुनी. पानं उलटून एका जागी बोट ठेवलं.

साहेबांनी वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. विशीत ते ह्याच तळघरात इंटर्न होते, ताईंच्या चौथ्या तुकडीतले. एका हस्तिदंती फणीचे दोन दात त्यांच्या हातून गेले होते. नोंदीत त्यांचं पूर्ण नाव होतं.

"तुम्ही रडला होतात," ताई म्हणाल्या.

"रडलो होतो. आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या होत्या."

"पोचल्या होत्या त्या."

साहेब हसले, आणि मग त्यांना हसवेना.

"लिहिलंत तर ते तुमच्या फाइलला लागेल, ताई. आणि नियमाप्रमाणे मला तुम्हाला वस्तूंपासून दूर ठेवावं लागेल. आजपासून."

"ठेवा ना. ठेवायलाच हवं. आज हे गेलं, उद्या दुसरं जाईल."

त्यांनी चालू वही उघडली. पेन बोटांतून निसटू पाहत होतं, म्हणून एकेक अक्षर सावकाश काढलं. 'क्र. ४१२. काल दुपारी हाताळताना हातातून निसटून भंगली. सात तुकडे व चुरा जतन केले आहेत. हाताळणारी: स्वतः. कारण: उजव्या हातात शक्ती नाही. नोंद एक दिवस उशिरा केली.' खाली सही केली. किल्ल्यांचा जुडगा काढून साहेबांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मोजून घ्या. एकतीस आहेत."

प्रश्नावलीला कळलं तेव्हा ती तणतणत आली.

"मला खोटं पाडलंत तुम्ही!"

"पाडलं."

"मी मदत करत होते."

"माहीत आहे गं. पण त्या वहीत एक ओळ खोटी गेली की बाकीच्या पानांवर कोणी का विश्वास ठेवावा? तीस वर्षं लिहितेय मी ती. दुसरं काय केलंय मी?"

मुलीनं चष्मा काढून पुसला. मग तिनं विचारलं, "फार दुखतं का?"

"दुखतं," ताई म्हणाल्या. डॉक्टर सोडले तर हे त्या कोणाला तरी पहिल्यांदाच सांगत होत्या.

ताईंना वरच्या तीन नंबरच्या दालनात बसवलं. पाट्या वाचणाऱ्या लोकांवर लक्ष ठेवायचं, काचेला हात लावू द्यायचा नाही. एक लाकडी खुर्ची मिळाली. प्रश्नावली चहाच्या सुट्टीत वर यायची, खाली काय चाललंय ते सांगायची, चार प्रश्न विचारून जायची. तीन आठवडे आली. मग त्यांची इंटर्नशिप संपली.

सुट्टीचे शेवटचे दिवस होते, दालनात गर्दी असायची. ताईंना दिवसाकाठी पन्नास जण तरी विचारायचे, स्वच्छतागृह कुठे आहे. त्या दर वेळी उठून उभ्या राहायच्या आणि नीट सांगायच्या: डावीकडे, जिन्याच्या मागे, पायरी आहे, सांभाळून.

एका दुपारी एक म्हातारी बाई नातवंडांच्या मागून धापा टाकत आत आली. पोरं पुढच्या दालनात निघूनही गेली. ती खांबाला टेकली. ताई उठल्या आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"अहो, नको, तुमची जागा..." ती म्हणाली. "तुम्ही कुठे बसाल?"

"बसा हो तुम्ही," ताई म्हणाल्या. "मी इथलीच आहे."

बाई बसली, तिनं डोळे मिटले. ताई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. संग्रहालय बंद व्हायला अजून अडीच तास होते.