माझी आई कधी पुटपुटली नाही

"अभिनंदन, मावशी!" प्रकाशक म्हणाले. "तुमचं पुस्तक आता मराठीत येतंय."

माझं टाळकंच फिरलं. अहो, लिहिलंच होतं मराठीत! ह्याच टेबलावर ठेवलं, तेव्हा ह्यांनीच "इस्त्रीवालीची गोष्ट कोण वाचणार?" म्हणून परत केलं. मग माझ्या लेकीने ते इंग्रजीत नेलं, तिकडे बक्षीस मिळालं, आणि आता हे शहाणे त्या इंग्रजीवरून मराठी करून बसले. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"मूळ बाड माझ्या पिशवीत आहे," मी म्हटलं.

"हो, पण इंग्रजीत त्याला वेगळीच उंची आलीय." त्यांनी छापील पानं पुढे सरकवली.

मी आधी आईला शोधलं. ती साहेबाच्या बंगल्यावर इस्त्री करायची. कॉलर ढिली म्हणून त्याने शर्ट तिच्या तोंडावर फेकला, तेव्हा ती गरजली होती, "मेल्या, कॉलर कडकच आहे, तुझीच मान लुळी!" काम गेलं, पण आम्ही पोरं ते वाक्य ओरडत गल्लीभर हिंडलो. त्या एका वाक्यासाठी मी अख्खं पुस्तक लिहिलं.

पानावर होतं: 'किती हा अपमान, देवा,' ती डोळे पुसत पुटपुटली.

पुटपुटली? माझी आई? तिने नुसता चहा मागितला तरी शेजारी दचकायचे!

"हे कुणी केलं?"

"मीच, आई," शेजारी बसलेली लेक म्हणाली. "तिकडच्यांना आजी भांडकुदळ वाटली असती."

"त्यांचं राहू दे. तुला काय वाटायचं?"

ती छापील पानांचे कोपरे जुळवू लागली. "आजी शाळेत मला न्यायला यायची, फाटकातूनच हाका मारायची. मला लाज वाटायची."

"साहेबाने नुसता शर्ट फेकला गं. तू तर तिची जीभच कापलीस." हे मी बोलले, आणि बोलल्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

बाड तिच्या हातात कोंबलं. "वाच ते वाक्य."

तिने वाचलं. शब्द एकही चुकला नाही, पण पुटपुटली.

मी बाड हिसकावलं आणि उभी राहून आईच्या आवाजात ओरडले. प्रकाशकांचा चहा बशीत सांडला.

"मावशी, जरा हळू," ते म्हणाले, "बाहेर लोक आहेत."

म्हणून मी दार उघडलं आणि पुन्हा ओरडले.