भिंतीकडे तोंड

शाळेची चिठ्ठी आली तेव्हा मी मागावर होते. नवऱ्याने ती लांबूनच उंचावली आणि तोंड मोठं करून म्हणाला, "पुन्हा!" आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही, पोचतही नाही कधी. आमच्या कारखान्यात चाळीस माग एकदम धडधडतात. तिथे समोरच्याचे ओठ बघायचे, हात बघायचे. दोन बोटं वर म्हणजे धागा तुटला, छातीवर तळवा म्हणजे जेवायला चला. चौदा वर्षं झाली, आता त्यात काही विशेष वाटत नाही.

चिठ्ठीत होतं की मुलगी एका जागी बसत नाही, शेजारणीच्या वहीत डोकावते, सारखी उठून पुढे येते. शुक्रवारपर्यंत येऊन सही करा, सोमवारपासून तिला मागच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात बसवू. त्या वर्गात गेलेलं पोर परत आलेलं निदान मी तरी पाहिलं नव्हतं.

"सही करायची नाही," मी ओठांनी म्हटलं.

"मग काय करायचं?" त्याने हातांनी विचारलं.

तेच तर कळत नव्हतं.

मुलगी सात वर्षांची. घरी तिला भिंगरी म्हणतात, आणि नाव आम्हीच ठेवलेलं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? पण मागच्या वर्षापर्यंत ही भिंगरी घरातच फिरत होती. शाळेतून चिठ्ठ्या सुरू झाल्या त्या या वर्षी, हिवाळ्यातली सर्दी लांबली त्यानंतर.

दोन महिने आम्ही कारण शोधत होतो. नणंद म्हणाली, गोड फार खाते. साखर बंद केली. पोरगी तशीच, वर चिडकी झाली. शेजारीण म्हणाली, मोबाइल. तो कपाटात कुलपात ठेवला, तर बाईसाहेब जिन्याच्या पायऱ्या चढउतार करत बसल्या. जंतांचं औषध झालं. डोळे तपासले, ते उत्तम निघाले. आठ वाजता झोपवायला लागलो. शेवटी नणंदेने मनातलं बोलून टाकलं, "दोघंही दिवसभर कारखान्यात. पोरीकडे बघायला आहे कोण?" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. राग तिचा नव्हता. ती खरं बोलत असेल याची भीती होती.

मग मी शिक्षा सुरू केली. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून दहा मिनिटं उभं राहायचं, आणि मी मागे ओट्याशी भाजी चिरत तिला सुनवायची. ओरडायची नाही. दिवसभर ओरडून माझा घसा संपलेला असतो, म्हणून हळू आवाजात, एकेक मुद्दा. पोरगी मात्र मान वळवून बघायचीच. वळली की दोन मिनिटं जास्त. गेल्या रविवारी ती दहाची तीस झाली आणि शेवटी मी एक चापट मारली. हात मलाच लागला, पण ते तिला कसं कळणार?

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाई नवीन, तरुण, सकाळीच दमलेल्या, समोर अडतीस पोरं. बाई पोरांकडे तोंड करून बोलत होत्या तोवर भिंगरी पुतळ्यासारखी बसली होती. बाई फळ्याकडे वळल्या आणि लिहिता लिहिता बोलू लागल्या, की हिची चुळबुळ सुरू. इकडे बघ, तिकडे बघ, शेजारणीच्या वहीत डोकाव, आणि मग थेट उठून फळ्याच्या कडेला. "जागेवर बस!" बाई वळून म्हणाल्या. ती लगेच बसली.

मला लाजेने मान वर करवत नव्हती. तिसऱ्यांदा ती उठली तेव्हा मी तिचे डोळे पाहिले. ती फळ्याकडे बघत नव्हती. बाईंच्या तोंडाकडे बघत होती. तशी नजर मी ओळखते. मागावर नवी आलेली मुलगी पहिला महिनाभर सगळ्यांकडे अशीच बघते.

शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला. ती दप्तर भरत होती. मी तिच्या मागे उभी राहिले.

"भिंगरे, घरी जाताना फुगा घ्यायचा का?"

ती वही कोंबत राहिली. मी पुन्हा विचारलं. काही नाही. मग मी पुढे गेले, तिच्यासमोर वाकले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "फुगा?"

"लाल!" ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी यंत्र लावलं, आत पाहिलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं होतं. सर्दीनंतर मुलांना होतं असं, म्हणाले. उशी डोक्यावर घेतल्यासारखं ऐकू येतं. काही आठवडे थांबून पाहू, नाहीच ओसरलं तर बारीक नळी बसवू, पोरगी ठणठणीत ऐकेल.

"पण घरी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आमच्या घरात एरवी कुणी पाठमोरं बोलतच नाही. आधी खांद्यावर थाप मारायची, तोंड समोर आणायचं आणि मग मोठ्याने, ओठ फाकवून बोलायचं. कारखान्याची सवय घरी आली. सगळं तिला समजत होतं, मग शंका येणार कशी? डॉक्टर लिहायचे थांबले.

शाळेत मी डॉक्टरांचा कागद सहीच्या कागदावर ठेवला. बाईंनी वाचला. "मी सारखी फळ्याकडे तोंड करून..." त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसं माहीत असणार, बाई," मी म्हटलं. त्यांना झापायला मला तोंडच नव्हतं. भिंगरीला पहिलं बाक मिळालं, आणि सही न करता तो कागद माझ्या पिशवीत आला.

रस्त्यावर ती लाल फुगा घेऊन पुढे उड्या मारत होती. मला एक विचारायचं होतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी तिला धरून समोर उभं केलं आणि खाली बसले.

"भिंतीपाशी उभी असायचीस तेव्हा मी काय बोलायचे, कळायचं तुला?"

तिने मान हलवली. नाही.

"मग सारखी वळून काय बघायचीस?"

"तू आहेस का," ती म्हणाली, "का कामावर गेलीस."