जागेवर वाहन आढळले नाही

पालिकेच्या तक्रार विभागात तो चौदा वर्षं उत्तरं लिहीत होता. सही साहेबांची, भाषा त्याची. दिवा का बंद, कचरा का उचलला नाही, गल्लीत गाड्या कुणाच्या परवानगीने लावतात, असे प्रश्न यायचे. तो अशी उत्तरं द्यायचा, की आपण नेमकं काय विचारलं होतं हेच माणसाने विसरावं. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे' हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं, की एकदा बायकोने गॅस संपल्याचं सांगितलं तेव्हाही तेच बाहेर पडलं.

त्याची थोरली बहीण त्याच वॉर्डात राहायची. भाऊजी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली. ताई रोज दहाच्या सुमारास त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून कोपऱ्यावरच्या वाचनालयात न्यायची. तिथे ते पेपरातल्या चुका मोठ्याने वाचून ग्रंथपालाला वैताग आणायचे. त्या दोन तासांच्या जोरावर त्यांचा बाकीचा दिवस निभायचा.

इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. तिथे सिमेंटचा उतार करून मिळावा म्हणून ताईने अर्जांवर अर्ज केले. तेव्हा धाकट्यानेही मनापासून धावपळ केली होती. फाइल घेऊन टेबलाटेबलाशी उभा राहिला, साहेबांची बोलणी खाल्ली. उतार झाला त्या दिवशी भाऊजी म्हणाले, "मेव्हणा कामाचा निघाला हं."

दीड-दोन महिने बरे गेले. मग त्या उताराच्या तोंडाशी टेम्पो उभा राहू लागला. वॉर्डातला कचरा उचलण्याचं कंत्राट ज्याच्याकडे होतं, त्याचा. सकाळची फेरी संपली की तिथे लागायचा, तो दुसऱ्या दिवशीच हलायचा. ताईने ड्रायव्हरला हात जोडून सांगून पाहिलं. "मालक सांगतील तिथे लावतो," तो म्हणाला. आता भाऊजींना बाहेर न्यायचं तर खुर्ची दोघांनी उचलून पायऱ्यांवरून उतरवावी लागे. रविवारी धाकटा यायचा; तो आणि शेजारचा शिंपी मिळून उचलायचे. बाकी सहा दिवस भाऊजी घरातच.

ताईने पालिकेचा फॉर्म भरला. प्रश्न एका ओळीचा होता: 'आमच्या दारातील उतारासमोर रोज उभा राहणारा टेम्पो हलवणार का?' तो फिरत फिरत धाकट्याच्याच टेबलावर आला. धाकटा कागद घेऊन साहेबांकडे गेला.

"टेम्पो कुणाचा आहे माहितीये ना?" साहेब म्हणाले. "त्याने उद्या गाड्या बंद ठेवल्या तर अख्ख्या वॉर्डाचा कचरा तू उचलणार?"

"साहेब, ही माझी बहीण आहे."

"मग तर सोपंच आहे. घरी समजावून सांग. आणि कागदावर लिही, पाहणी केली, वाहन आढळलं नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "बढतीची यादी या महिन्यात जातेय. उगाच वाकड्यात शिरू नकोस."

त्याने लिहिलं. पाहणी करणाऱ्याच्या रकान्यात कुणाचं तरी नाव हवं होतं, तिथे स्वतःचं घातलं. रविवारी ताईला सगळं सांगून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. रविवारी खुर्ची उचलताना ताईने विचारलं, "उत्तराचं काही कळलं का रे?"

"येईल. वेळ लागतो," तो म्हणाला.

दर तीन महिन्यांनी पालिकेच्या सभागृहात नागरिकांसमोर उत्तरं वाचली जात. वाचायचं कामही त्याचंच. भाऊजींना सोडून ताई यायची नाही, अशी त्याची अटकळ होती. ती आली. शिंप्याच्या बायकोला भाऊजींजवळ बसवून आली आणि दुसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली.

दहा-बारा उत्तरं झाल्यावर तिचं आलं. त्याने मान वर न करता वाचलं, "प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता जागेवर कोणतेही वाहन आढळले नाही. सबब, तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

ताई उठून उभी राहिली. "पाहणी कुणी केली?"

"कार्यालयाने," साहेब म्हणाले.

"कार्यालय चालत आलं होतं का? माणसाचं नाव सांगा."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "मी केली," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. आता ती सगळं बोलणार, म्हणून त्याने टेबलाची कड घट्ट धरली. पण ती एवढंच म्हणाली, "मग नसेल आढळलं. साहेबांचा त्यांच्यावर विश्वास आहे ना, झालं तर." आणि खाली बसली. कुणीतरी मागे हसलं. तो पुढचं उत्तर वाचू लागला.

संध्याकाळी तो तिच्याकडे गेला. टेम्पोच्या कडेने अंग चोरत दारापर्यंत पोचला.

"या," ताई म्हणाली. "बसा."

लहानपणी त्याचा शेंबूड पुसणारी ताई त्याला अहो-जाहो करत होती. "ताई, असं नको ना बोलूस. वरून सांगतात, माझ्या हातात काय असतं?"

"तुमच्या हातात पेन होतं," ती म्हणाली. "चहा घेणार का?"

भाऊजींनी उत्तराची प्रत डाव्या हातात धरली होती. "चूक एकही नाही," ते म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घ सगळं जागच्या जागी. आमच्या छापखान्यात तुला लगेच घेतला असता." चहा आला. तो त्याने पाहुण्यासारखा प्यायला आणि निघाला.

बढती होऊन तो पाणीपट्टी विभागात गेला. त्यानंतरच्या दोन रविवारी तो गेला, तर शिंप्याने सांगितलं, खुर्ची त्याने आणि त्याच्या भाच्याने कधीच उतरवून दिली, ताई भाऊजींना घेऊन बाहेर गेल्यात. तिसऱ्या रविवारपासून त्याने जाणं सोडलं. फोन केला तर ताई घेई, तब्येतीचं सांगे, आणि ठेवते म्हणे.

वर्षाच्या आत तिने ती जागा विकली. त्याला कुणी कळवलं नाही. पाणीपट्टीवरचा पत्ता बदलायचा तिचा अर्ज टपालात आला, तेव्हा कळलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिचं ते गोल, सुटं अक्षर. 'अडचणीच्या वेळी संपर्कासाठी जवळचे नातेवाईक' या रकान्यात तिने शिंप्याचं नाव लिहिलं होतं, आणि नात्याच्या जागी 'शेजारी'. शिंपी तर आता शेजारीही राहिला नव्हता.

शिपाई कागद न्यायला आला. "हा झाला का, साहेब?"

"झाला," तो म्हणाला, आणि सही करून अर्ज पुढे सरकवला.