बिस्किटांच्या डब्यातली चिठ्ठी

ज्या वर्षी क्लिफ ऑर्मरॉडच्या मुलीला, हेदरला, कॅनडात जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. हॅस्लबीच्या क्रीडागृहात मतमोजणी चालू होती आणि निवडणूक अधिकारी फेअरहर्स्ट यांनी क्लिफला हाताने जवळ बोलावलं.

“क्लिफ, एखादं खोलगट भांडं आहे का रे? आतलं दिसता कामा नये.”

“कशाला, साहेब?”

“मिल लेन वॉर्डात बरोबरी झालीय. तीनदा मोजलं. आता चिठ्ठ्याच टाकायच्या.”

क्लिफ त्या क्रीडागृहाचा केअरटेकर. आदल्या दुपारी बॅडमिंटनच्या कोर्टावर जाजमं अंथरून मोजणीची टेबलं त्यानेच मांडली होती. मिल लेन हा त्याचाच वॉर्ड. फेअरहर्स्टसाहेबांना हे ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी काय फरक पडणार होता?

तो चहाच्या खोलीत गेला. चहाच्या किटलीचं तोंड अरुंद, कपांची परात उघडी. शेवटी त्याने आपला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, उरलेली बिस्किटं बशीत काढली आणि आतला चुरा बेसिनमध्ये झटकला.

कौन्सिलच्या जागा पंचेचाळीस. चव्वेचाळीस जागांचे निकाल लागले होते. त्यांत लाल रंग लावणाऱ्या पक्षाच्या, म्हणजे लालवाल्यांच्या, बावीस. बाकीच्या निळ्या पक्षाच्या आणि काही अपक्षांच्या. मिल लेन लालवाल्यांना मिळालं की तेवीस, म्हणजे बहुमत. आणि बहुमत मिळालं तर लार्चफील्डचं डे सेंटर चालू ठेवू, असं त्यांनी घरोघर वाटलेल्या कागदावर छापलं होतं. जुन्या कौन्सिलने ते जुलैअखेर बंद करायचं ठरवून टाकलं होतं.

क्लिफची बायको एनिड रोज त्या सेंटरात जायची. दोन वर्षांपासून तिची स्मृती विरत चालली होती. सकाळी सेंटरची छोटी बस दारात यायची, संध्याकाळी आणून सोडायची. तेवढ्या वेळात क्लिफ नोकरी करायचा. सेंटर बंद झालं तर एनिडला वृद्धांच्या दूरच्या एखाद्या होममध्ये ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चिठ्ठ्यांच्या टेबलाभोवती सगळे जमले. लालवाल्यांची उमेदवार, लाल फुलाचा बिल्ला लावलेली ब्रेंडा शटलवर्थ, क्लिफच्या शाळेतली. ती कुजबुजली, “क्लिफ, डबा तुझा आहे म्हणजे नशीब आपलंच की रे.”

“माझ्या डब्यात आजवर बिस्किटंसुद्धा मऊच निघालीत, ब्रेंडा.”

ती हसली, पण तिचे ओठ कोरडे पडले होते. निळ्यांचा उमेदवार एक तरुण घरदलाल होता. तो बुटाच्या टोकाने जाजम उगाच सरळ करत होता. फेअरहर्स्टसाहेबांनी दोन चिठ्ठ्या सारख्या घड्या घालून डब्यात टाकल्या, झाकण लावलं, डबा हलवला. ज्याचं नाव निघेल त्याला एक मत जास्त. मग त्यांनी मान दुसरीकडे वळवून हात आत घातला.

नाव घरदलालाचं निघालं.

एका कोपऱ्यात टाळ्या वाजल्या. माइकवर घोषणा झाली की हॅस्लबी कौन्सिलमध्ये कुठल्याही पक्षाला बहुमत नाही. ब्रेंडा क्लिफच्या दंडाला हात लावून म्हणाली, “माफ कर रे,” आणि कोट शोधायला गेली. क्लिफने डबा उचलला. दुसरी चिठ्ठी आतच होती. ती त्याने उघडून पाहिली नाही.

संध्याकाळी एनिडला झोपवून तो मागच्या बागेत आला. कुंपणापलीकडे सिरिल होल्डन वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता. सिरिल म्हणजे क्लिफचा जुना शेजारी. सिरिल कट्टर निळा, क्लिफ लाल. आपापली लग्नं होऊन दोघं या गल्लीत राहायला आले तेव्हाच त्यांनी करार केला होता. तू तुझ्या पक्षाला मत देणार, मी माझ्या, दोन्ही मतं एकमेकांना खाणार. मग पावसात रांगेत उभं कशाला राहायचं? दोघांनीही जायचं नाही. मतदानाच्या संध्याकाळी सिरिलच्या शेडमध्ये बसून डॉमिनो खेळायचं आणि एकमेकांवर नजर ठेवायची. कालही दोघं खेळले होते.

“कळलं मला,” सिरिल म्हणाला. “रेडिओवर सांगितलं.”

“सिरिल, एक सांगायचंय.”

“बोल ना.”

“मी काल मत देऊन आलो. सकाळी कामावर जाताना, दार उघडल्या उघडल्या. एनिडसाठी. मग संध्याकाळी तुझ्यासमोर बसून निर्लज्जासारखा खेळलो.”

सिरिलने काठी जमिनीत दाबली. मग तो दोरीची गाठ मारू लागला.

“म्हणून काल भिकारड्यासारखा हरलास होय! मला वाटलं, तुझं वय झालं.”

“शिव्या दे. मला चालेल.”

“शिव्या कुठल्या तोंडाने देऊ? मी दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं होतं ना दुपारी?”

“हो.”

“माझ्या तोंडात स्वतःचा दात उरलाय का एक तरी, गाढवा?”

क्लिफला वाटलं, बरोबरच झालं. याने निळ्यांना दिलं, मी लालवाल्यांना, करार पाळल्यासारखंच झालं.

“चला, फिटलं म्हणायचं,” तो म्हणाला.

“कसलं फिटलं?” सिरिल चिडला. “तुमच्या त्या ब्रेंडाबाईला दिलं मी. जन्मात पहिल्यांदा. पेन्सिल हातात धरून इतका वेळ उभा होतो की तिथल्या बाईने विचारलं, आजोबा, बरं वाटत नाही का? आमचा बाप थडग्यात पालथा झाला असेल. पण एनिडने माझ्या बायकोच्या आजारपणात सहा महिने सूप करून दिलंय.”

दोघांच्याही डोक्यात एकच हिशेब चालला होता. ते गेले नसते तर ब्रेंडा दोन मतांनी सरळ पडली असती. दोघांनी मिळून तिला बरोबरीपर्यंत आणून पोचवलं होतं. त्यापुढे त्यांच्या हातात काही नव्हतं.

पुढचे तीन आठवडे टाउन हॉलमध्ये बोलणी चालली. लालवाल्यांना एक तरी अपक्ष हवा होता. अपक्षांना बाजारातला मोटारतळ फुकट हवा होता. त्या देवघेवीत लार्चफील्ड कधी गळालं ते कुणालाच सांगता येईना. क्लिफ इस्त्रीचा शर्ट घालून सभेला गेला. नागरिकांना प्रश्न विचारायची मुभा असते. त्याने उभं राहून विचारलं. लालवाल्यांचा पुढारी म्हणाला, “बहुमत असतं तर याच आठवड्यात केलं असतं, ऑर्मरॉड.” निळ्यांचा म्हणाला, “आमच्याही मनात फेरविचार होता, पण आता आमच्या हाती काय आहे?” अपक्ष बाई तर उठून त्याच्याजवळ आली, तिच्या आईलाही हाच आजार होता म्हणाली आणि रडली. त्या सभागृहात त्याच्या विरोधात एकही माणूस नव्हता. भांडायचं तरी कुणाशी? तो आभार मानून खाली बसला.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी एनिड टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसली.

“बस येणार नाही गं, एनिड.”

“येईल. तुम्ही नवीन दिसता,” ती अदबीने म्हणाली. “आमचा ड्रायव्हर फार चांगला आहे. उशीर झाला तरी येतोच.”

क्लिफ कामावर असताना सिरिल तिच्याजवळ बसू लागला. पण सिरिलला दुपारी डुलकी लागायची. सप्टेंबरात ती दोनदा निसटली आणि दोन्ही वेळा लार्चफील्डच्या कुलूप लावलेल्या फाटकाशी सापडली. दुसऱ्या वेळी पोलिसांनी आणून सोडली तेव्हा तिच्या पायात एकच सपात होती. सिरिल अंगणात उभा राहून लहान पोरासारखा रडत होता आणि क्लिफ त्याला म्हणत होता, “अरे, तुझं काय चुकलं? तुझं काय चुकलं?”

ऑक्टोबरात तिला थॉर्नक्लिफच्या होममध्ये ठेवलं. तिथे जायला दोन बसगाड्या बदलाव्या लागत. क्लिफ रविवारी जायचा, सोबत सिरिल. तिथे तिने टोपी मागितली नाही, पर्सही मागितली नाही. खिडकीजवळ बसवलं तर खिडकीजवळ, भिंतीजवळ बसवलं तर भिंतीजवळ.

एनिड ऑर्मरॉड त्याच वर्षी अकरा डिसेंबरला, गुरुवारी सकाळी, थॉर्नक्लिफला वारली. होममधून फोन आल्यावर निघालेला क्लिफ तेव्हा पहिल्या बसमधून उतरून दुसरीची वाट पाहत होता.