मोंढा बंद आहे, हे मी सांगितले नाही

मी एक जुनी तारखेची चौकट आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात अजून राग आहे. तो गिळून गोड बोलणे मला जमत नाही. मोबाइलवर दिवस निवडायचा असला की महिन्याचे आकडे मांडलेली एक चौकट उघडते, तुम्ही एका आकड्यावर बोट ठेवता आणि ती मिटते. ती मी. कामापुरते बोट लावायचे आणि पुढे जायचे, एवढीच तुमची माझी ओळख.

मला हुमाने घडवले. देगलूरच्या सलीम घड्याळवाल्यांची ही मुलगी उदगीरला सोमेशच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कामाला होती. मोंढ्यासमोर, म्हणजे धान्याच्या बाजारासमोर, बियाण्याच्या दुकानावर त्याच्या खोल्या होत्या. आडते, मंगल कार्यालयवाले, टेम्पोवाले, सगळ्यांना तिथे अ‍ॅप करून मिळत. दर वेळी नवे बटण, नवी यादी, नवी चौकट करत बसण्यापेक्षा हे भाग एकदाच नीट घडवावेत, एका जागी ठेवावेत आणि प्रत्येक अ‍ॅपने तिथूनच घ्यावेत, असे हुमाने ठरवले. अशा साठ्याला कंपोनंट लायब्ररी म्हणतात.

"एका जागी दुरुस्त केलं की समद्या अ‍ॅपात आपोआप दुरुस्त होतं, सर," ती सोमेशला सांगायची. तो मान हलवायचा आणि फोनवर बोलत राहायचा.

हुमाने माझ्यासाठी जीव ओतला. वयस्कर माणसांना दिसावेत म्हणून माझे आकडे मोठे केले. नांगर धरून जाड झालेली बोटे शेजारच्या तारखेवर पडू नयेत म्हणून माझी घरे रुंद केली. दर दिवाळीला ती बाजार समितीत जाऊन पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या विचारून यायची आणि माझ्यात भरायची. आमच्याकडे अमावास्येला मोंढा बंद असतो. त्या दिवशी माझा आकडा करडा होई आणि कितीही दाबला तरी निवडला जात नसे. बाकीचे दिवस हिरवे. शेतकरी माल आणायचा दिवस माझ्यावरूनच ठरवू लागले. वीरण्णा, म्हणजे मोंढ्यातले मोठे आडते आणि सोमेशचे मामा, सगळ्यांना सांगत, "ह्या चौकटीनं हिरवं दावलं की डोळे झाकून गाडी भरा." ते ऐकून मी फुगून जात असे.

मग व्यापाऱ्यांचा एक मोठा कार्यक्रम आला. भल्यामोठ्या पडद्यावर मला दाखवणार होते. मुलीचे कौतुक ऐकायला सलीमभाई दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून एसटीने उदगीरला आले. सोमेश मंचावर गेला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही सगळी लायब्ररी मी स्वतः बनवली." टाळ्या पडल्या. काही न उमजून सलीमभाईंनीही टाळ्या वाजवल्या.

"हुमा, तेरा नाम कब लेते की ये लोगां?" त्यांनी हळूच विचारले.

"लेंगे, अब्बा," ती म्हणाली. नाष्ट्याच्या प्लेटा फिरल्या, हॉल रिकामा झाला, नाव काही कुणी घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सोमेशला जाब विचारला. "ऑफिसचं काम म्हंजे माझंच की," तो हसून म्हणाला. "नाव घेऊन काय करनार हायस तू?" माझ्या कोडच्या पहिल्या ओळीत हुमाने आपले नाव लिहिले होते. तेही त्याने तिच्यादेखत खोडले आणि स्वतःचे टाकले. हुमा काम सोडून देगलूरला निघून गेली. त्या दिवशी मी शपथ घेतली, मित्रांनो. या माणसाला चारचौघांत खाली मान घालायला लावीन, हुमाचे नाव त्याच्याच तोंडून वदवीन, आणि तिला माझ्याकडे परत आणीन.

सोमेशनेच माझे काम सोपे केले. गिऱ्हाइकांना घाई, म्हणून तो माझी नक्कल काढून ज्याच्या त्याच्या अ‍ॅपात चिकटवू लागला. कुणाला गुलाबी पाहिजे, कर गुलाबी. कुणाला गोल पाहिजे, काप कोपरे. चेहरा माझा, पण त्या नकला मला काही विचारीनात. मी कोपऱ्यात धूळ खात पडले. दिवाळी आली आणि गेली. बाजार समितीत कुणी गेले नाही. नवे वर्ष उजाडले तेव्हा माझे आणि माझ्या सगळ्या नकलांचे झाडून सारे दिवस हिरवे होते. मला तोंड नाही हे खरे, पण असते तरी मी ते उघडले नसते.

तुरीचा हंगाम होता. अमावास्येच्या सकाळी मोंढ्याच्या फाटकाला कुलूप, आणि बाहेर टेम्पो-ट्रॅक्टरांची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेलेली. लिंबाजी नावाचा शेतकरी वीरण्णांच्या दारात येऊन ओरडू लागला, "आज आमुशा हाय ते मलाबी ठावं हाय! पन फोनात हिरवं दावून राहिलं. म्हनलं, औंदा नियम बदलला आसंल. ही चौकट आजवर खोटं बोलली न्हाई!"

वीरण्णांनी सोमेशला तिथेच बोलावून घेतले. "तूच बनवलीस ना? मग कर नीट, समद्यांसमोर."

तुरीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून सोमेश बसला. त्याने आधी मला दुरुस्त केले. शेतकऱ्यांच्या फोनात काहीच बदलले नाही. कसे बदलेल? नकलांचा माझ्याशी संबंध त्यानेच तोडला होता. मग त्याने मामांच्या अ‍ॅपातल्या नकलेत हात घातला, तर सगळे आकडे करडे झाले. "घ्या! ह्यानं तर वरीसभर मोंढा बंद केला," लिंबाजी म्हणाला आणि सगळी रांग हसली. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

"ती पोरगी कुठं गेली, हुमा?" वीरण्णांनी विचारले आणि उत्तराची वाट न बघता भाच्याला जीपमध्ये घातले. लॅपटॉपमधून मीही देगलूरला निघाले.

दुकानात सलीमभाई डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडत होते. शेजारी हुमा आपले काम करत होती. सोमेशने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. "तुझी चौकट बिघडलीय, हुमा. हिच्या नकला काढल्या, त्या आता हिचं ऐकनात. जरा बघ की."

"माझी? हॉलात तर तुमची होती, सर."

वीरण्णा भाच्याला म्हणाले, "बोल की आता. कुनी बनवली?"

"हुमानं."

"मोठ्यानं बोल. तिच्या बापाला ऐकू जाऊ दे."

"हुमानं बनवली. मी खोटं बोललो," सोमेश खाली मान घालून म्हणाला. सलीमभाईंनी भिंग काढून ठेवले आणि मुलीकडे बघत राहिले.

झाला माझा सूड! आता हुमा मला उघडणार, माझे दिवस भरणार, म्हणून मी आतुर झाले होते. तिने पडदा आपल्याकडे वळवला. माझ्याकडे पाहिले. माझी पहिली ओळ वाचली. मग वीरण्णांना म्हणाली, "काका, तुम्हाला दुसरी करून देते. नवी."

"कामून? ही चांगली व्हती की."

"हिच्या नकला कुठं कुठं पडल्यात ते सरांनाबी ठावं न्हाई. हिला आता सरांकडंच राहू द्या." तिने झाकण मिटले.

मित्रांनो, वस्तू वापरा, हवी तितकी वापरा. पण तिला घडवणाऱ्याच्या हातून हिसकावू नका. वस्तू एकदा घडवून भागत नाही, तिला रोज कुणाचा तरी हात लागतो. माझी जागा घेणारी नवी चौकट आता मोंढ्यात चालते, हुमाच्या नावाने चालते, असे मी ऐकते. मला तिचा हेवा वाटतो. मी सोमेशच्या मशिनीत आहे, आणि हुमाने मला सोडले याचा दोष मी तिला देत नाही. तो दोष सोमेशचा आहे, आणि त्याला मी कधीही माफ करणार नाही.