पोटात अडकलेली पोर्तुगीज

मित्रांनो, जगातल्या अकरा भाषा मी अस्खलित बोललो आहे. त्यांतली एकही मला कळत नाही. मी टेपरेकॉर्डर आहे. जुना आहे, हे तुम्ही माझ्याकडे पाहून ओळखालच.

परभाषा शिकवणाऱ्या एका क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर माझी उमेदीची वर्षं गेली. ते दिवस मानाचे होते. सकाळी इटालियन लावली की वर्ग उजळायचा. तिचा शब्द तोंड उघडं ठेवूनच थांबतो. जर्मन म्हणजे कपाटाचे खण एकामागून एक नीट बंद करणं. स्पॅनिश ताटात वाटाणे ओतल्यासारखी, दाणा न् दाणा वेगळा. आणि पोर्तुगीज? वाटाणे तेच, पण पांघरुणाखाली ओतलेले. अर्धे स्वर गिळायचे, काही नाकातून सोडायचे आणि शब्द संपताना बाळाला थोपटल्यासारखं 'श्श' करायचं. दाराबाहेरून ऐकणाऱ्यांना ती रशियन वाटायची.

या पोर्तुगीजच्या धडा पहिल्याची कॅसेट चौदा वर्षांपूर्वी माझ्या पोटात अडकली. क्लासच्या सरांनी झाकण ओढलं, ठोकलं, फटीत स्क्रूड्रायव्हर घातला. झाकण हललं नाही. बाकीच्या दहा भाषा नव्या यंत्रात राहायला गेल्या आणि मी कपाटावर गेलो. माझ्या आत एक बाई कोंडलेली होती. माझं नाव अमुक, मी अमुक गावी राहते, आपण कशा आहात? एवढंच तिला विचारायचं होतं. चौदा वर्षं कुणी बटण दाबलं नाही.

मग क्लासमध्ये एक मावशी आल्या. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. मुलाने पोर्तुगीज बोलणारी मुलगी केली होती. दर रविवारी विहीणबाई फोनच्या पडद्यावर पाच-पाच मिनिटं बोलत आणि मुलगा त्याचं मराठी दोन शब्दांत उरकत असे. "बरं आहे म्हणतात."

"एवढंच?"

"ती भाषाच लांब आहे, आई."

सून शहाणी होती. ती त्यात पडत नसे. विहीणबाई आपल्याला नावं ठेवतात आणि मुलगा ते झाकतो, अशी मावशींची खात्री झाली होती. "जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली," त्या सरांना म्हणाल्या, "आता माझीच लाइन मध्ये कुणीतरी धरून बसलंय." सरांनी मला झटकलं आणि धडा दुसऱ्याच्या कॅसेटसकट त्यांच्या पिशवीत घातलं.

मावशी भाजी निवडताना मला लावत. माझ्यातला पट्टा एव्हाना सैल झाला होता. त्यामुळे आतली बाई गुंगीचं औषध घेतल्यासारखी बोले आणि मावशीही तश्शाच शिकल्या. मुलाला हसू आवरेना. असं तिकडे कुणीच बोलत नाही म्हणाला.

एका रविवारी तो आंघोळीला गेलेला पाहून मावशींनी फोन लावला आणि आपली तिन्ही वाक्यं सावकाश म्हटली. मी टेबलावर धास्तावून ऐकत होतो. मग विहीणबाईंनी कानामागे हात धरला आणि तितक्याच सावकाश उत्तर दिलं. त्यांना कमी ऐकू येत होतं. इतकं स्पष्ट त्यांच्याशी घरातही कुणी बोलत नसे. बोलता बोलता त्यांनी गुडघा धरला, मग कंबर, मग पुन्हा गुडघा. मावशींनी आपला गुडघा दाखवला. वीस मिनिटं दोघींचं असंच चाललं.

मुलगा डोकं पुसत आला तेव्हा मावशींनी विचारलं, "दर रविवारी हेच असतं?"

"गुडघेच गं. तुला काय सांगायचं त्यात? तुझे काय कमी दुखतात?"

मावशींनी पिशवीतून धडा दुसरा काढला. तो अवयवांचा होता आणि आता त्याच्यावाचून अडणार होतं. त्यांनी चष्मा लावून माझं झाकण निरखलं आणि एका बोटाने ते डावीकडे सरकवलं. ते उघडलं.

मित्रांनो, यंत्रावर जोर लावण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट बघत जा. माझ्या झाकणावर बाण आहे. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

सुटल्यावर मला पुन्हा इटालियन बोलायची फार इच्छा होती. सध्या माझ्या पोटात धडा दुसरा आहे. तोही पोर्तुगीजचाच.