लिलावातला ट्रेलर

"ये नंबर किसने मिटाया?"

फाटकावरचा फौजी हवालदार ट्रेलरच्या मागच्या फळीपाशी उकिडवा बसून नखाने हिरवा रंग खरवडत होता. रंगाखालचे पांढरे आकडे हळूहळू वर येत होते.

"मैंने," जगदेवराव म्हणाले. "और लिखा भी मैंने ही था."

हवालदाराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. हे उत्तर त्याला आवडलं नाही.

मुरारच्या लायनीचं हे फाटक जगदेवराव धुमाळ एकवीस वर्षं ओलांडत आले होते. ग्वाल्हेरच्या फौजेत ते मोटार कंपनीचे नाईक होते. संस्थान गेलं, मध्यभारत झाला आणि फौज हिंदी फौजेत सामील करून घेतली गेली. नव्या डॉक्टरी तपासणीत जे पास झाले ते राहिले, बाकीच्यांना घरी पाठवलं. जगदेवराव त्या बाकीच्यांत होते. पुढे जास्तीच्या गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी हा दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर घेतला. वीस वर्षं ट्रेलर ओढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? एका जहागीरदाराची जुनी फोर्ड मिळाली. तिची मागची बाजू कापून त्यांनी खाली लोखंडी आकडा वेल्डिंग करून घेतला आणि पडावावरच्या गाडीतळावरून सामान वाहायचा धंदा सुरू केला.

फौजी ट्रकचा आकडा कमरेइतका उंच असतो, मोटारीचा गुडघ्याइतका. त्यामुळे ट्रेलर नेहमी नाक खाली घालून चाले. माल पुढे जास्त झाला की मोटारीचं बूड जमिनीला टेकायचं आणि मागे जास्त झाला की ट्रेलर शेपटीसारखा हलायचा. जगदेवरावांना ते बरोबर साधायचं. साधत नव्हते ते लोक. फौजेचा ट्रेलर खाजगी मोटारीमागे दिसला की ज्याच्या त्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न यायचा. पाच महिन्यांत पोलिसांनी त्यांना अकरा वेळा अडवलं होतं. लिलावाची पावती उघडून-मिटून घड्यांवर फाटली, तेव्हा त्यांनी ती कापडावर चिकटवून घेतली.

हवालदाराने ती उजेडाकडे धरून पाहिली, उलटी करून पाहिली. मग लायनीतलं चौथं क्वार्टर खाली करायचा हुकूम वाचला.

"बारह बजे तक बाहर. और जाते वक़्त चेकिंग होगी."

"बिलकुल होऊ द्या," जगदेवराव मराठीतच पुटपुटले आणि मोटार आत घातली.

लायनीतल्या चौथ्या क्वार्टरच्या ओसरीवर विजयाबाई सगळं सामान बांधून उभ्या होत्या. त्यांचे यजमान, जगदेवरावांच्याच कंपनीचे सुभेदार सूर्याजी मोहिते, मार्गशीर्षात वारले. आता त्या क्वार्टरमध्ये नव्या पलटणीतलं कोणी राहायला येणार होतं. बाईंनी शहरात जनकगंजात दोन खोल्या घेतल्या होत्या.

"या जगदेवराव. पाणी घ्या आधी."

"नको वहिनीसाहेब. वेळ थोडा आहे."

पाणी नाकारताना त्यांना स्वतःलाच कसंसं झालं, पण त्यांनी ते नाकारलं. बाईंचा निरोप पडावावर आला त्या दिवसापासून एक प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता: मलाच का बोलावलं? मुरारमध्ये हातठेले होते, बैलगाड्या होत्या. लायनीत शेजारच्या दोन घरांनी टांग्यातून सामान नेलं. मग पडावावरून मुद्दाम जगदेवच का?

सुभेदारांबद्दल त्यांच्या मनात एक गाठ होती. तपासणीच्या दिवशी चाळीस जण रांगेत उभे होते. डॉक्टरने सगळ्यांचे डोळे, दात, छाती पाहिली आणि पुढे सोडलं. फक्त जगदेवरावांच्या वेळी तो उठला, त्यांच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला आणि काहीतरी हळू बोलला. काय बोलला ते त्यांना आजवर कळलेलं नव्हतं. चाळिसांत एकट्यालाच हे का? कोणीतरी आधी कान भरले असणार. आणि त्या वेळी दारात सुभेदार उभे होते, जमिनीकडे बघत.

डावा कान थोडा कमी होता, हे जगदेवरावांना मान्य होतं. पण थोडाच. गाडी कानाने चालवतात का?

दोन हमालांनी सामान चढवलं. कपाट चाकांच्या बरोबर वर, पितळी भांड्यांचं पिंप पुढे, गाद्या मागे. सुभेदारांची काळी ट्रंक उचलताना विजयाबाई म्हणाल्या, "ती वर ठेवा. दबायला नको."

वर. म्हणजे तपासणीत आधी तीच उघडणार, असं जगदेवरावांच्या मनात आलं. तिच्यात काय असेल? लायनीतलं काही सरकारी सामान बाई नेत असतील आणि पकडलं गेलं तर नाव कोणाचं? ट्रेलरवाल्याचं. पण ट्रंक त्यांनी वर ठेवली आणि ताडपत्री कसून बांधली.

बाई हमालांबरोबर टांग्याने येतील असं त्यांना वाटलं होतं. त्या सरळ मोटारीच्या पुढच्या सीटवर, त्यांच्या डाव्या हाताला येऊन बसल्या. "मी तुमच्याबरोबरच येते," एवढं त्यांनी बसायच्या आधी सांगितलं.

फाटक उघडंच होतं. हवालदार सकाळच्या जागेवर दिसला नाही. जगदेवरावांनी वेग कमी केला, दोन्हीकडे पाहिलं आणि निघाले. पुढचं चाक रस्त्याला लागतंय तोच विजयाबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा!" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो थांबा!"

त्यांनी ब्रेक दाबला. मागच्या बोजाने मोटारीला ढकललं आणि ती आणखी दोन हात पुढे गेली. तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. डावीकडच्या पहाऱ्याच्या कोठडीसमोर एक पोरसवदा शिपाई बंदूक खांद्याला लावून उभा होता. नळी त्यांच्याकडेच होती आणि ती थरथरत होती.

हवालदार धावत आला. "बहरे हो क्या? भाग रहे थे?"

"भागत नव्हतो. मी... सुना नहीं."

"तीन बार चिल्लाया है लड़का! पूरी लाइन ने सुना!"

मग सगळं खाली उतरवलं गेलं. भर रस्त्यात, चैत्राच्या उन्हात विजयाबाईंचा संसार मांडला गेला. गाद्या सोडल्या, पिंप उपडं केलं, देवांचा डबासुद्धा उघडला. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघत होते. ट्रंक उघडली तेव्हा जगदेवरावांनी मान फिरवली. आत सुभेदारांचा एक गणवेश, दोन फेटे आणि कडुनिंबाचा वाळका पाला होता. बाकी काही नाही.

विजयाबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. हवालदारालाच शेवटी ओशाळल्यासारखं झालं असावं. तो स्वतः पिंपाला हात लावून ते चढवू लागला. "माताजी, क्या करें, ड्यूटी है," तो म्हणाला.

मुरारचा पूल ओलांडून गाडी ठाठीपूरच्या रस्त्याला लागली. जगदेवराव मनात मोजत होते. तीनदा. तो पोरगा तीनदा ओरडला होता, दहा पावलांवरून.

त्यांना कंपनीतला बळवंत आठवला. चार वर्षांपूर्वी एका कँपावर ट्रक मागे घेताना बळवंत ट्रकच्या आणि ट्रेलरच्या मध्ये सापडला होता. त्याचा पाय गुडघ्यापासून वाकडा झाला. मी डावीकडून ओरडत होतो, असं बळवंत इस्पितळात सांगत राहिला. जगदेवरावांना ते कधीच खरं वाटलं नाही. ओरडला असता तर ऐकू आलं नसतं का? पुढे चौकशी झाली. ब्रेक धरला नाही, असं सुभेदारांनी कागदावर लिहून दिलं आणि प्रकरण मिटलं. ब्रेक मात्र ठणठणीत होता. आपल्याला वाचवणारा माणूसच पुढे आपल्या मुळावर आला, हे कोडं जगदेवरावांना तपासणीच्या दिवसापासून सुटलं नव्हतं.

पडावाजवळ त्यांनी सहज डावीकडे पाहिलं. विजयाबाई समोर बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. स्तोत्र म्हणत असतील, असं त्यांना वाटलं. फोर्डचं इंजिन खडखडत होतं. इंदरगंजच्या चौकात टांग्यांच्या गर्दीतून ट्रेलर काढताना त्यांनी पुन्हा पाहिलं, तर बाईंचे ओठ मिटलेले होते आणि डोळे ओले होते. फाटकावरच्या अपमानामुळे असेल. आपल्यामुळेच झाला, त्यांनी मनात म्हटलं.

जनकगंजात गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी उभी केली. गल्ली अरुंद आणि पुढे बंद. गाडी उलटी आत घ्यावी लागणार होती. ते उतरून अंतर बघत होते, तेवढ्यात विजयाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जगदेवराव, तुम्ही काहीच बोलला नाहीत. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

"कशाबद्दल?"

"मी गाडीत सांगितलं ते. ठाठीपूरपासून सांगत आले."

जगदेवराव त्यांच्याकडे बघत राहिले. विजयाबाईंनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मोटारीच्या डाव्या सीटकडे. जगदेवरावांना काहीच ऐकू गेलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना हवं असतं तर त्या तेवढ्यावर थांबू शकल्या असत्या. जगदेवरावांना पुढे अनेकदा त्या क्षणाची आठवण यायची.

मग त्या एक पाऊल सरकून त्यांच्या उजव्या बाजूला आल्या.

"डॉक्टरला यांनीच सांगितलं होतं. तुमच्या कानाचं. आदल्या संध्याकाळी त्याच्या बंगल्यावर जाऊन सांगून आले."

गल्लीतल्या नळावर कोणाची तरी बादली भरून वाहत होती.

"मला मालूम होतं," जगदेवराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "पहिल्या दिवसापासून मालूम होतं. एकवीस वर्षं, वहिनीसाहेब! त्यांच्या तोंडाने माझी रोटी गेली."

"हो. गेली."

"मग बळवंताच्या वेळी वाचवलं कशाला? तेव्हाच घालवायचं होतं."

"ते तेच म्हणायचे. तेव्हा खोटं लिहिलं ती माझी चूक, दुसऱ्यांदा कोणी ट्रकखाली गेला तर तो माझ्या माथी. तुम्हाला सांगायला ते स्वतः दोनदा पडावावर गेले होते. एकदा तुम्ही मोटारीखाली निजून काहीतरी दुरुस्त करत होता. तुमचे पाय बघून परत आले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी माफी मागायला आले नाही. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, मला समजत नाही. पण तुम्ही नाहक चाळीस जणांवर संशय घेत राहू नये, एवढंच."

जगदेवराव ट्रेलरच्या फळीला टेकून उभे राहिले. खरवडलेल्या रंगाखालचे आकडे त्यांच्या पाठीला लागत होते. इतके महिने जी गोष्ट खरी ठरावी असं वाटत होतं ती खरी ठरली होती, आणि आता तिचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"तो शिपाई," ते म्हणाले, "तुम्हाला पहिल्याच हाकेला ऐकू आला?"

"हो."

"मला एकही नाही आली. एकसुद्धा नाही, वहिनीसाहेब."

विजयाबाईंनी गल्लीकडे पाहिलं.

ट्रेलर मागे घेताना जगदेवराव कोणालाही मागे उभं राहू देत नसत. मला जमतं, म्हणायचे. गल्लीच्या डाव्या अंगाला ओट्यांच्या पायऱ्या पुढे आल्या होत्या. एका पायरीवर दोन लहान मुली सागरगोटे खेळत होत्या. जगदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या ट्रेलरकडे.

"वहिनीसाहेब," ते म्हणाले, "आपण जरा मागे उभ्या राहाल? त्या भिंतीपाशी. तिथून मला दिसाल. तोंडाने सांगू नका. हाताने सांगा."

विजयाबाईंनी मुलींना उठवून घरात पाठवलं. मग पदर कमरेला खोचला आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सुभेदारीण असताना त्या कधी अशा रस्त्यात उभ्या राहिल्या नसतील. वरच्या खिडक्यांतून बायका बघू लागल्या. जगदेवराव खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि त्यांनी नजर त्या हातावर ठेवली.

हात म्हणाला, या. ट्रेलर वळला, अडला, पुन्हा सरळ झाला. हात म्हणाला, थोडं इकडे. मग, या, या. मग तळहात उभा राहिला.

जगदेवरावांनी ब्रेक दाबला. पायरीपासून वीतभर अंतरावर ट्रेलर थांबला. त्यांनी इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे विजयाबाईंनी हात खाली घेतला.